घरटी एक

आडखार गावात कुणी चढ्या आवाजात बोलायला लागलं की अजूनही म्हणतात, “हळू रे, तू काय सगुणा हायस?” सगुणाचा आवाजच तसा. ती बांधावर उभी राहून हाक द्यायची तेव्हा खाडीपलीकडच्या म्हशी माना वळवून बघायच्या, असं तिचा नवरा नाथा चारचौघांत सांगायचा आणि वर म्हणायचा, “आमच्या घरात भोंगा हाय, मना घड्याल लागत नाय.” नाथाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भोंग्याचं कामही संपल्यात जमा झालं होतं. पण काही आवाज पोटात दबा धरून बसलेले असतात, तसा तो बसला होता.

डोंबिवलीच्या पश्चिमेला वस्ती विरळ होत होत खाडीला टेकते, तिथं आडखार. पूर्वी एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. गावाचा सगळा संसार त्या बांधाच्या भरवशावर. बांधाच्या पोटात एक उघाडी, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती लागली की मिटायची. बांधाबाहेर खाजण होतं, तिवरांची दलदल. उधाणाचं पाणी आधी त्या खाजणात पसरायचं, तिथं दमायचं आणि मग दमलेलं पाणी बांधाला येऊन टेकायचं. तरी एखाद्या अमावास्येला ते बांधाला भगदाड पाडायचंच. त्या भगदाडाला गावात खांड म्हणत. खांड पडली की हाक उठायची, “खांड परली वोऽऽ! घरटी एकऽऽ!” आणि घराघरातून एकेक माणूस हातातलं काम टाकून, टोपली घेऊन बांधाकडे धावायचा. शेत कुणाचं बुडतंय हे त्या वेळी कुणी विचारत नसे. पुरुष आधीच पाण्यात उतरलेले असत म्हणून हाक द्यायचं काम बाईचं, आणि तो मान सगुणाच्या सासूचा, आवडाबाईचा होता.

सगुणाचं माहेर मोहन्याचं. वडील रेयॉनच्या कारखान्यात. शिफ्टच्या भोंग्यावर जेवणारी, शिफ्टच्या भोंग्यावर निजणारी ती पोर. चिखल तिनं पाहिला होता तो पावसाळ्यातल्या रस्त्यावरचा. लग्न होऊन आली, अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती, आणि सासूची हाक ऐकू आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. नव्या लुगड्याचा काष्टा घट्ट करून सगुणा टोपली घेऊन पळाली. बांधावर माणसांची रांग लागली होती. खाजणातल्या चिकणमातीचे गोळे हातोहात पुढे जात होते. तिनं दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. एक पाय काढावा तर दुसरा आत. तेव्हा पाण्यातून नाथा वर आला आणि सगळ्या गावासमोर त्यानं तिचा दंड धरून तिला उपटली. नव्या नवरीचा हात भर चव्हाट्यावर धरला! आवडाबाई उघाडीच्या दगडावरून ओरडली, “नाथा, आधी खांड बुजव, मंग बायको काढ!” अख्खी रांग हसली, मातीचे गोळे हसत हसत पुढे गेले, आणि सगुणाला वाटलं, आता हेच आपलं गाव.

खांड बुजली की बांधावरच पंगत बसायची. ज्या घरी जे असेल ते यायचं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, भाजलेले बोंबील, कुणी तेवढ्यात धरलेल्या चिंबोऱ्या. हाताला खाजणाचा वास, तो धुऊन जात नसे. त्याच हातानं खायचं. पुढे मुलाच्या, धनेशच्या नोकरीनंतर सगुणा मोठ्या हॉटेलांतही जेवली. तशी भाकरी पुन्हा तिच्या तोंडाला लागली नाही.

गावाची दुसरी रीत बोलण्याची होती. मिठागराच्या ठेकेदाराकडे जायचं असो की मामलेदाराकडे, जायचं सगळ्यांनी, बोलायचं एकानं. ‘तोंड एकाचं, पाय गावाचे.’ बोलणारा पुढे, बाकीचं गाव त्याच्या पाठीशी उभं, तोंडातून अक्षर न काढता. त्याच्यानंतर कुणी तोंड उघडलं तर त्याचा अर्थ एकच, बोलणाऱ्यावर गावाचा भरवसा नाही. असा अपमान आडखारात कुणी कुणाचा केला नव्हता. मिठागरावर मजुरी अडली होती त्या वर्षी सारं गाव असं दिवसभर उन्हात उभं राहिलं आणि ठेकेदाराला त्या गप्प माणसांकडे बघवेना, ही गोष्ट सगुणानं लग्नानंतर इतक्यांदा ऐकली की आपणही तिथं उभ्या होतो असं तिला वाटायचं. अलीकडे गावाचं तोंड म्हणजे विश्रामदादा, नाथाचा थोरला चुलतभाऊ. थोरला दीर म्हणून सगुणानं त्याच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. त्याचं बोलून झाल्यावर बोलणं तर दूरच.

आवडाबाई गेली आणि हाक सगुणाकडे आली. ती तिनं शेवटची दिली त्याला मात्र जमाना लोटला. सव्वीस जुलैच्या त्या पावसात धनेश कॉलेजातून घरी पोचला नव्हता. सगुणा माळ्याच्या खिडकीत उभी राहून एक डोळा रस्त्याकडे, एक डोळा खाजणाकडे लावून होती. तिवरांचे शेंडे दिसेनासे होत गेले तसं तिनं शेजारपाजारची पोरं वर घेतली, म्हाताऱ्यांना वर घेतलं, तांदूळ वर घेतले. मगच पाणी बांध ओलांडून ओटीवर आलं. धनेश दुसऱ्या दिवशी चालत चालत घरी आला तेव्हा ती त्याला आधी मारायला धावली आणि मग रडली. पाणी उतरल्यावर बांध फुटलेला दिसला. तिनं हाक दिली आणि बँकेत जाणारी, रिक्षा चालवणारी, घरटी एक सगळी आली. पुढे ती नेहमी म्हणायची, “खाजान हाय म्हनून पानी सांगून येता. खाजान नसता ना, तं ते दारात उभा राहिल्यावर कलला असता.”

त्यानंतर शेतं गेली. मिठागरं आधीच बंद पडली होती. शेतांच्या जागी इमारती आल्या, गावात कौलांच्या जागी तिमजली घरं आली, विश्रामदादाच्या ओटीवर नातवानं जिम काढली. टॉवरमधली माणसं सकाळी बूट घालून बांधावर चालायला येऊ लागली. उघाडीला लोखंडी झडप बसली होती. तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकायच्या. सगुणा ओहोटी बघून जायची, काठीनं पिशव्या ओढून काढायची आणि जरा वेळ दगडावर बसून यायची. टॉवरमधल्या पोरांना वाटायचं, ही बाई महापालिकेची आहे.

खाडीकिनाऱ्याच्या आराखड्याची बातमी घरात आणली ती सुनेनं, समृद्धीनं. मोबाइलवर नकाशा मोठा करून तिनं सासूला दाखवला. बांधावरून रस्ता, खाजणात भराव, भरावावर बाग आणि गाड्यांचं पार्किंग, उघाडीच्या जागी सिमेंटचा पाइप.

“यात आपला गाव कंचा?” सगुणानं विचारलं.

“हा पिवळा ठिपका.”

“आणि पानी?”

“पाणी दाखवलेलं नाहीये, आई.”

धनेश घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून नुकताच आला होता. रोजच्यासारखा ट्रॅफिकनं पिळून निघालेला. तो म्हणाला, “अगं आई, रस्ता आला तर चांगलंच आहे ना. अर्धं आयुष्य माझं गाडीत चाललंय. मुलगी झोपल्यावर मी घरी पोचतो.”

“पोचशील लवकर,” समृद्धी म्हणाली. “आणि ती झोपते खालच्या खोलीत. पाणी पण लवकर पोचलं म्हणजे?”

धनेश उठून आत डोकावला. आतल्या खोलीत त्यांची लेक उताणी पसरून झोपली होती, एक पाय पलंगाबाहेर. सगुणानं तो पाय उचलून आत घेतला. तिला उगाच वाटलं, पाय ओला आहे.

आराखड्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि ठाण्यात सुनावणी ठेवली होती. समृद्धीनं एका कागदावर हरकत कशी लिहायची ते टाइप केलं, प्रती काढल्या आणि म्हणाली, “आई, प्रत्येक घराची वेगळी हरकत द्यायची. मी वाटून येते.”

सगुणाला हसू आलं. “येरी हायस कं? एका खांडीला घरटी एक टोपली, पन बांध एकच ना? विश्रामदादा बोलेल, गाव उभा राहील. घराघरातून कागद गेला तं साहेबाला वाटेल, गावात फूट हाय.”

“आई, तिथं तसं नसतं.”

“तू तीन वर्सांपूर्वी आलीस बाय. मी या गावाचा पानी प्यायलेली हाय.”

समृद्धी खरं तर आठ वर्षांपूर्वी आली होती. पण सासूचा हिशेब चुकवायला ती गेली नाही. गावानंही सगुणाचंच ऐकलं. ती दारोदार फिरली, कागद परत गोळा केले आणि प्रत्येकाला बजावलं, “यायचा सगल्यांनी. बोलायचा कोनी नाय.” त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नातीनं मासे काढले.

सुनावणीच्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाची बस केली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, गजरे माळून आल्या होत्या. ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, “नवरी कुठंय?”

“ही काय!” सगुणाची जाऊ शेवंती विश्रामदादाकडे बोट करून म्हणाली. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा घालून तो पुढच्या सीटवर बसला होता. सारी बस हसली. तोही मिशीत हसला. खोपटच्या एसटी डेपोवरून गाडी वळेपर्यंत बायकांनी धवला, लग्नातलं गाणं, धरला होता.

सभागृह थंडगार होतं. टेबलामागे साहेब, बाजूला नोंदी घेणाऱ्या एक बाई. टॉवरमधलेही पुष्कळ जण आले होते. विश्रामदादा बोलायला उठला आणि त्याच्या मागं आडखार गाव उठलं. खुर्च्यांचा एकदम आवाज झाला, साहेबांनी दचकून वर पाहिलं. विश्रामदादा छान बोलला. बांध कुणी बांधला, उघाडी कशी चालते, उधाण कुठं दमतं, सगळं. कुठं आवाज चढला नाही, कुठं अडखळला नाही. तो थांबला, आणि गाव तसंच उभं राहिलं, गप्प. ऐकलेली ती मिठागराची गोष्ट आज ती स्वतः उभी राहून जगत होती. नाथा असायला हवा होता, असं तिला वाटलं.

“आडखारचं आणखी कुणी?” साहेबांनी विचारलं.

कुणी हललं नाही.

“कुणालाच काही बोलायचं नाही?”

सगुणा अभिमानानं समोर बघत राहिली. साहेबांनी मान डोलावली. “बसा मग.”

नंतर टॉवरमधली माणसं उठत गेली. एकेक जण नाव सांगायचा, पत्ता सांगायचा, थोडं बोलायचा. ऋतिका नावाची तरुण बाई म्हणाली की मुलांना सायकल चालवायला जागा नाही, बाग झालीच पाहिजे. तिचंही काही खोटं नव्हतं. बोलून झाल्यावर ती सगुणाशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिनं ओळखलं.

“काकू, तुम्ही बांधावर असता ना? तुमच्यातलं कुणी बोललं नाही ते?”

“बोलले ना आमचे दादा.”

“हो, पण ते एकच. आमच्या सोसायटीत सांगितलं होतं, प्रत्येकानं बोला, कारण ते आकडे मोजतात.”

सगुणा उठून टेबलापाशी गेली. “बाय, आमच्या गावाचा काय लिवलाय?”

बाईंनी कागद पाहिला. “आडखार. एक हरकत.”

“एक? आमी एवढी उभी होतो ना!”

“मावशी, उभं राहिल्याची नोंद होत नाही,” साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यानं ते समजावून सांगावं तसंच सांगितलं. “बोललेल्याची होते. लिहून दिलेल्याची होते. मी तर दोनदा विचारलं.”

विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. आणि ते गोळा केलेले कागद, मागं मासे काढलेले. सगुणाला समृद्धीकडे बघवेना. समृद्धीनं मात्र ‘मी सांगत होते’ म्हटलं नाही. ती नुसती म्हणाली, “आई, अजून संपलेलं नाहीये. आता आपली माणसं उठली तरी चालतंय.”

सगुणा विश्रामदादापाशी आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “दादा, मना माफ करा.”

त्याला अंदाज आला. समोरच बघत तो म्हणाला, “मी बोललो ना गावाचा?”

“बोललात. पन त्यांनी तुमच्या एकट्याचाच लिवला.”

“मंग?”

उठा म्हणावं तर कुणी उठणार नव्हतं. विश्रामदादानंतर तोंड उघडायचं पाप कुणी करणार नव्हतं. शेवंती मान खाली घालून बसलेली, धनेश मोबाइल हातात धरून पुतळा झालेला. या गावाला आपल्या जागेवरून उठवणारी एकच गोष्ट सगुणाला माहीत होती. तिनं डोळे मिटले. पायाखाली गालिचा होता, तिला उघाडीचा दगड लागला.

“खांड परली वोऽऽ! घरटी एकऽऽ!”

एसीच्या त्या थंड हॉलमध्ये हाक छतापर्यंत गेली आणि उलटी आली. साहेबांच्या हातातला पेन पडला. दाराबाहेरचा शिपाई आत धावला. आणि आडखारातली माणसं, टोपली शोधावी तशी हात पुढे करून, अर्धवट उठलेली होती. मग पहिला धनेश पुढे गेला. त्यानं नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि म्हणाला, “मला रस्ता हवाय. पण खाजणात भराव नको. माझी मुलगी खालच्या खोलीत झोपते.” एवढंच. मग रांग लागली.

कुणी चिंबोऱ्यांबद्दल बोललं. एकानं आपल्या लग्नात वरात बांधावरून कशी गेली ते सुरू केलं, तेव्हा साहेब म्हणाले, “मुद्द्यावर या.” तो म्हणाला, “तोच मुद्दा हाय.” शेवंतीचा नंबर आला आणि गाडी अडली. बाईंनी पूर्ण नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तिनं मागं वळून बघितलं. “घे गो!” बायका म्हणाल्या. “नाव नसेल तर नोंद होत नाही,” बाई म्हणाल्या. शेवंतीनं पदर सावरला आणि म्हटलं,

“खाडीच्या पान्याला भरतीची घाई,
गणूरावांचं नाव घेते, मोजून घ्या बाई!”

सगळा हॉल हसला, टॉवरवाले हसले, साहेबही. बाईंनी हसत हसत नोंद घेतली.

फक्त पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली होती. रांग चालू असतानाच विश्रामदादा उठून गेला होता. सगळे परत आले तेव्हा तो बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेला होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. परतीच्या वाटेवर कुणी धवला धरला नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी सुधारलेला आराखडा आला. खाजणातला भराव काढून टाकला होता. बाग लहान होऊन टॉवरच्या कडेला गेली, उघाडी जागेवर राहिली आणि रस्ता गावाच्या पाठीमागून वळवला. समृद्धीनं नकाशा मोठा करून दाखवला. खाजण हिरवं होतं. सगुणानं त्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं, तसा नकाशा सरकून भलतीकडेच गेला. त्या दुपारी तिनं नातीला मांडीवर घेऊन गाढ झोप काढली.

मग रस्त्याला कुणाचं कुंपण किती मागं घ्यायचं यावर देवळात गाव बसलं. जो तो बोलत होता. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. कालची पोरं उभी राहून म्हणत होती, “माझी वेगळी हरकत लिहा.” सगुणा खांबाला टेकून बघत होती. पाठीशी गप्प उभं राहणारं ते गाव तिनं शेवटचं ठाण्याच्या हॉलमध्ये पाहिलं होतं, आणि तिच्याच हाकेनं ते हललं होतं. तिला त्याचा पस्तावा नव्हता. पण लेकरू वाढलं की त्याचं झबलं हातात धरून बसावं, तसं काहीसं तिला होत होतं. विश्रामदादा त्या बैठकीत एक अक्षर बोलला नाही. कुणी त्याला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती काठी घेऊन उघाडीवर गेली. पिशव्या काढल्या, दगडावर बसली. मागून चपलांचा आवाज आला तसा तिनं न बघताच पदर डोक्यावर ओढला. विश्रामदादा आला आणि बांधाच्या पलीकडच्या टोकाला, दिरानं बसावं तेवढ्या अंतरावर बसला. सुनावणीनंतर तो तिच्याशी बोललेला नव्हता. आजही बोलला नाही. त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत तांदळाची भाकरी होती, वर सुकट. अर्धी मोडून त्यानं मधल्या दगडावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाऊ लागला.

सगुणानं हात पुढे केला. बोटांना खाजणाचा वास येत होता. तिनं ती धुतली नाहीत. समोर तिवरांमधून पाणी सावकाश उतरत होतं, आणि बांधावर बसलेली ती दोन माणसं, एक अक्षर न बोलता, भाकरी खात होती.